खात्यापुरती माणुसकी

१८५३ साली इंग्रजी अंमलाखाली आलेल्या आपल्या वऱ्हाडात, अमेरिकेतील यादवीने मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटताच, ज्वारीच्या रानांत पऱ्हाटी पसरली. आणि १८९९-१९०० च्या अवर्षणात वेचणीवर जगणाऱ्या मजुराला ना काम उरले, ना पेवात दाणा. सरकारदप्तरी दोष पावसाच्या माथी गेला. मग माणसांचा दोष कसा ठरवावा? १९४८ चा आंतरराष्ट्रीय करार वंशसंहार ठरवण्यासाठी संहाराचा हेतू मागतो; परंतु जेथे एक कारकून केवळ शेतसारा, दुसरा केवळ मालगाडी आणि अडत्या केवळ भाव पाहतो, तेथे हेतूवाचूनही माणसे मरतात, आणि असे पाहणाऱ्या प्रत्येकाच्या पदरी दोषाचा वाटा पडतोच. म्हणून संत्र्यांच्या या वरूडात मुलांना एकाच विद्येत निष्णात करताना, आपल्या कामाचा शेवट कोणाच्या ताटापाशी होतो हे विचारण्याची सवयही आपण त्यांना लावू या.