परवाना एका राज्याचा, रस्ता दुसऱ्याचा

८ नोव्हेंबर १९९४ रोजी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, मिल्वॉकी शहरानजीक, महामार्गावरून जाणाऱ्या एका ट्रकचा मागच्या दिव्याकडील लोखंडी भाग निखळून रस्त्यावर पडला. मागून येणारी व्हॅन त्यावरून गेली, तिची इंधनाची टाकी फुटली आणि गाडीने पेट घेतला. आत एक पाळक, त्यांची पत्नी व सहा मुले होती. आईवडील वाचले, सहाही मुले दगावली. तो भाग लोंबकळत असल्याचे इतर ट्रकचालकांनी पाहिले होते. त्यांनी रेडिओवरून इशारेही दिले. परंतु त्या चालकाला इंग्रजी उमजत नव्हते. पुढे उघडकीस आले की, त्याचा परवाना शेजारच्या इलिनॉय राज्यात लाच देऊन मिळवलेला होता.

अवजड वाहनाच्या चालकाला परवाना कोणी द्यावा, राज्याने की केंद्राने, हा वाद अमेरिकेत जुना आहे. वरवर पाहता तो कारकुनी वाटतो. आम्हांला मात्र तो नीतीचा वाटतो. अनुमती देणारा एके ठिकाणी बसतो आणि त्या अनुमतीचा धोका दुसऱ्याच ठिकाणी जाऊन पोहोचतो. ते कुटुंब शिकागोचे, म्हणजे इलिनॉयचेच होते, हे खरे. पण त्या सकाळी त्या रस्त्यावर विस्कॉन्सिनचे कोणतेही कुटुंब असू शकले असते, आणि इलिनॉयच्या परवाना कार्यालयाला जाब विचारण्याचा त्याला काय अधिकार होता?

पूर्वी तेथे अनेक राज्यांत मोटारीच्या साध्या परवान्यावर अठरा चाकांचा ट्रक हाकता येत असे. काही चालक दोन-चार राज्यांचे परवाने खिशात बाळगीत आणि आपले गुन्हे त्यांवर वाटून टाकीत. १९८६ च्या कायद्याने हे थांबवले. परवाना राज्यानेच द्यावा, परंतु चाचणीचे किमान माप केंद्राने ठरवावे. एका चालकाकडे एकच परवाना असावा. आणि राज्यांच्या नोंदी परस्परांना जोडलेल्या असाव्यात, अशी ती व्यवस्था होय. १ एप्रिल १९९२ पासून ती बंधनकारक झाली. जे राज्य ती पाळणार नाही, त्याचा महामार्गाचा निधी कापला जाऊ शकतो.

सेमिनरीत आम्ही पूरकतेचे तत्त्व शिकलो. पोप अकरावे पायस यांनी १९३१ मध्ये ते मांडले: धाकट्या समूहाला जे झेपते, ते थोरल्याने हिरावून घेऊ नये. हे अर्धेच वाक्य आपण वारंवार ऐकवतो. धाकट्याला जे झेपत नाही, तेथे थोरल्याने हात द्यावा, हा उरलेला अर्धा भाग आपल्याला गैरसोयीचा वाटतो. १९८६ च्या कायद्यात दोन्ही भाग बऱ्यापैकी आले आहेत, असे आमचे मत आहे. विसंगती आहेतच. टेक्सासमधील अठरा वर्षांचा तरुण एल पासोपासून टेक्सारकानापर्यंत आठशे मैल ट्रक चालवू शकतो. तेथून हद्द ओलांडून आर्कन्सॉमध्ये शिरायचे, तर त्याला सर्वसाधारणपणे एकवीस वर्षांचे व्हावे लागते!

पण माप कितीही चोख असले, तरी मापणारा हातच विकला गेला तर? इलिनॉयमध्ये तेच झाले. परवाने विकून मिळालेल्या पैशांतून राज्याचे सचिव जॉर्ज रायन यांच्या निवडणूक निधीची तिकिटे घेतली जात. रायन पुढे राज्यपाल झाले. वरिष्ठ आणि कनिष्ठ एकाच ताटात जेवत असताना राज्याने स्वतःची चौकशी करावी, ही अपेक्षाच व्यर्थ होती. ती केंद्राच्या वकिलांनी केली, आणि २००६ मध्ये रायन दोषी ठरले. साडेसहा वर्षांची शिक्षा झाली. याच गृहस्थांनी २००३ मध्ये आपल्या राज्यातील फाशीच्या सर्व कैद्यांची शिक्षा कमी केली होती. एकाच माणसाच्या या दोन बाजूंचा मेळ आम्हांला आजवर लावता आलेला नाही.

म्हणून केंद्र नेहमी न्यायी असते असे नव्हे. १२ ऑगस्ट २०२५ रोजी फ्लोरिडात एका ट्रकने मनाई असलेल्या जागी वळण घेतले आणि तिघे मृत्यू पावले. चालक भारतातून गेलेला, परवाना कॅलिफोर्नियाचा. सप्टेंबरात केंद्राने कायम निवासाचा हक्क नसलेल्या बहुतेक परदेशीयांना असे परवाने मिळू नयेत, असा नियम काढला. नोव्हेंबरात न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. रस्त्यावरील पाट्या वाचता याव्यात आणि इशारा समजावा, ही इंग्रजीची अट केंद्राच्या नियमांत पूर्वीपासून आहे. विस्कॉन्सिनचा तो रेडिओ आठवला की, ती आम्हांला अन्यायाची वाटत नाही. ती माणसाच्या क्षमतेची परीक्षा घेते, आणि नापास झालेला पुन्हा अभ्यास करून येऊ शकतो. निवासाचा वर्ग पाहून दिलेल्या नकाराला मात्र परीक्षाच नसते. दूर बसलेल्या सत्तेला चेहरे दिसत नाहीत, वर्ग दिसतात. ही तिची जुनी व्याधी आहे.

त्याच नोव्हेंबरात कॅलिफोर्नियाने सुमारे १७ हजार परवाने रद्द करण्याचे जाहीर केले. कारण असे की, परवान्याची मुदत चालकाच्या देशातील वास्तव्याच्या मुदतीपुढे गेली होती. ती तारीख चालकाने लिहिली नव्हती, राज्याच्या कार्यालयाने घातली होती. केंद्राने चूक दाखवली, राज्याने ती मान्य केली, आणि पत्र गेले ते चालकाच्या घरी.