खातेदार अज्ञान

धाकट्या बहिणीला मुलगी झाली आणि बारशाआधी तिचा एक झकास फोटो काढायचं काम माझ्यावर आलं. मामा पडलो ना!

दुपटं खिडकीजवळ अंथरलं, फ्लॅश बंद ठेवला, घरातले दिवे मालवले. बाजूने मऊ उजेड पडला की चेहऱ्याची गोलाई दिसते. बाईसाहेब दूध पिऊन झोपल्या होत्या. मी गुडघे टेकले आणि फोटो काढला.

पण घरच्यांचं समाधान होईना. नाकावर पांढऱ्या पुटकुळ्या, कपाळावर लालसर डाग, सोललेली कातडी! हे बहुतेक आपोआप जातं, पण धीर कोणाला? चिरंजीवांनी फोनवर बोट फिरवलं आणि सगळं साफ. दृष्ट लागू नये म्हणून आजीने लावलेली तीटसुद्धा!

माझ्यातला कारकून दचकला. पैसे काढायच्या स्लिपवर एक आकडा खोडला तरी आम्ही खातेदाराची सही मागतो. इथे अख्खा चेहरा खोडला आणि खातेदार अज्ञान! पालक तिच्या वतीने सही करू शकतात, पण तिच्या हितासाठी. यात तिचं हित कुठलं? शेजाऱ्यांनी 'गोड' म्हणावं, हे हित आमचं. मग अज्ञान नक्की कोण?

मी मूळ फोटोच ठेवला.

एवढ्यात ती जागी झाली. नवजात बाळाला नीट दिसतं ते २० ते ३० सेंटीमीटरवरचं, म्हणजे वीतभर किंवा थोडं पुढचं. नेमका तिथे मी फोन धरलेला. तो बाजूला ठेवून वाकलो. तिने मला टकलासकट न्याहाळलं, आणि काही म्हणता काही खोडलं नाही.