दंपतीचे घर

जबलपूरजवळ खमरियाला १९४२ साली, महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला आणि त्याच्यालगत नोकरवर्गाची वसाहत वसली. खडकी, वरणगाव, अंबाझरी येथून बदलीवर आलेली मराठी कुटुंबे तेथे ज्या वास्तूंत नांदली, त्यांना ती ‘क्वार्टर’ म्हणत आली. इमारतीची मालकी सरकारची, ताबा नोकरीपुरता, आणि दप्तरात तिची ओळख केवळ एका क्रमांकाची. बदलीचा हुकूम आला की सामान ट्रकमध्ये चढे. देव्हाऱ्यातले टाक आणि बाळकृष्ण मात्र गृहिणी लाल वस्त्रात गुंडाळून स्वतःच्या मांडीवर घेऊन बसे, आणि शेजारीपाजारी म्हणत, अमक्यांचे बिऱ्हाड हलले. भिंती जागच्या जागी राहतात आणि घर निघून जाते, हा जो अनुभव तेथल्या प्रत्येक कुटुंबाच्या अंगवळणी पडला, तोच सिद्धान्तरूपाने मांडावयास युरोपातील भाषाशास्त्राला दीर्घ काळ लागला.

स्लाव भाषांचे लेखन नवव्या शतकात सुरू झाले. त्याहून जुन्या, समाईक स्लाव भाषेत घराला ‘दोमु’ म्हणत असावेत, असे पंडितांनी तिच्या कन्यांवरून ठरविले. रशियन आणि पोलिश ‘दोम’, चेक ‘दूम’ ही तिची संतती. लॅटिन ‘दोमुस’ आणि ऋग्वेदातील ‘दम’ हे सगोत्र. ‘बांधणे’ या अर्थाच्या धातूपासून हे सारे निघाले, म्हणजे घर ही मुळात बांधलेली वस्तू, असे पुष्कळ काळ गृहीत धरले गेले. १९६९ साली एमिल बाँव्हेनिस्त या फ्रेंच पंडिताने त्यास हरकत घेतली: या शब्दाचा मूळ विषय इमारत नसून एका कर्त्याच्या अधिकाराखालचे कुटुंब होय.

स्लाव साक्ष मला या मताकडे झुकलेली दिसते. सर्बियन ‘दोमाचिन’ म्हणजे यजमान, ‘दोमोविना’ म्हणजे मायभूमी. रशियन खेड्यांत घराचा रक्षणकर्ता ‘दोमोवोय’ चुलीपाशी राहतो अशी श्रद्धा होती, आणि वास्तू बदलताना जुन्या चुलीतले निखारे नव्या चुलीत नेऊन त्याला सन्मानाने पाचारण करीत. खमरियाच्या गृहिणीला या विधीचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला नसता.

आपल्याकडे ‘दम’ लोकभाषेतून लोपला आणि त्याची गादी ‘घर’ या शब्दाने घेतली. ‘दंपती’ मात्र उरला. आणि या शब्दाचा वेदकालीन अर्थ जोडपे एवढाच नव्हे, तर घराचा स्वामी असाही आहे, व अग्नीलाही तो लावलेला आढळतो. द्विवचनात तोच पतिपत्नींना लागला, म्हणजे स्वामित्वात स्त्रीचा वाटा व्याकरणानेच मान्य केला, हे मला फार मोलाचे वाटते. मराठीतील ‘घरधनी’ आणि ‘घरधनीण’ ही जोडी त्याच अर्थाची, निराळ्या मातीतून उगवलेली.

एक अडचण शिल्लक राहते. ग्रीक ‘दोमोस’ हा शब्द निःसंशय इमारतीचाच वाचक आहे; बाँव्हेनिस्तने त्याला वेगळ्या धातूच्या खाती टाकले, आणि ती वाटणी सर्व अभ्यासकांनी मान्य केलेली नाही.