मागून येणारा

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर एक सद्गृहस्थ हमखास भेटतात. गाडी स्वच्छ, पट्टा लावलेला, पीयूसी चालू तारखेची, काटा बरोबर १००वर. मात्र कळंबोलीला त्यांनी जी उजवी लेन धरली ती खालापूर आलं तरी सोडलेली नाही. मधली लेन चांगली अर्धा किलोमीटर मोकळी आहे. मागची गाडी मघापासून डिपर देते आहे. शेजारच्या सीटवरून "अहो, जाऊ द्या ना त्याला" असं आलंच, तर उत्तर तयार असतं : "का म्हणून? मी लिमिटला आहे. माझ्यापुढे जायचं म्हणजे कायदा मोडायचा."

मला भांडायचंय ते या गृहस्थांशी. १४०ने नागमोडी पळणाऱ्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि त्याच्याशी वाद घालण्यात अर्थही नाही. तो दिवाळी अंक वाचत नाही. हे गृहस्थ मात्र वाचतात.

गाडी किती वेगाने चालवायची आणि रस्त्याच्या कोणत्या भागात चालवायची, हे दोन वेगळे नियम आहेत. पहिला पाळला म्हणून दुसऱ्यातून सूट मिळत नाही. आपल्याकडे डावीकडून चालायचं, पुढच्याला ओलांडायचं असेल तर उजवीकडून ओलांडायचं आणि काम झालं की पुन्हा डावीकडे यायचं. उजवी लेन एवढ्यापुरती. शिवाय ज्या काट्याच्या भरवशावर गृहस्थ बसलेत, तो मुळात थोडा जास्तच दाखवणारा बनवलेला असतो. खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायला स्पीडोमीटरला नियमच परवानगी देत नाही, म्हणून कंपन्या सावध राहतात. काट्यावरचे १०० रस्त्यावर बहुधा नव्वदीतच असतात. मागच्या गाडीत कोण आहे, कुठल्या घाईत आहे, हेही त्यांना ठाऊक नाही. वेगमर्यादेवर नजर ठेवायला कॅमेरे आहेत, महामार्ग पोलीस आहेत. त्या खात्यात यांची नेमणूक कधी झाली?

परिणाम काय होतो तेही बघा. मागचा थोडा वेळ वाट पाहतो, मग डावीकडे घुसतो, दोन कंटेनरच्या मधून वाट काढतो आणि गृहस्थांच्या बंपरसमोर तिरका येऊन उभा ठाकतो. पुढच्याने उजवीकडे वळण्याची खूण केली असेल, अशा मोजक्या वेळीच त्याला डावीकडून ओलांडता येतं. म्हणजे नियम मोडला मागच्याने, पण त्याला तिथवर आणून सोडलं नियम पाळणाऱ्याने. "बघितलंस? काय माणसं आहेत!" हे वाक्य मात्र गृहस्थांच्या गाडीत उच्चारलं जातं.

पण ते उजवीकडे चिकटले कसे, हे पाहिलं की राग थोडा निवळतो. महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या महामार्गाची डावी बाजू आठवा. खचलेली साईडपट्टी, वडापावची टपरी, एसटीचा थांबा, पंक्चर काढायला उभा केलेला टेंपो, उलट्या दिशेने निवांत येणारी मोटरसायकल. आणि गळिताच्या हंगामात रात्री उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत चाललेला, मागे लाल दिवाच नसलेला ट्रॅक्टर. अशा रस्त्यावर गाडी शिकवताना वडील सांगत, "दुभाजक धरून चालव." तो सल्ला शहाणपणाचा होता, त्याने माणसं वाचली असतील. द्रुतगती मार्गावर दुचाकी, ट्रॅक्टर, बैलगाडी, पायी चालणारे या सगळ्यांना बंदी आहे. डावीकडची भीती तिथे उरलेली नाही. पण तीस वर्षांची सवय टोल भरून जात नाही. मोकळ्या मधल्या लेनमध्येही यांना काहीतरी आडवं येईल असंच वाटत राहतं.

मला अधिक कुतूहल वाटतं ते दुसऱ्या गोष्टीचं. जुन्या अरुंद रस्त्यावर आपण इतके वाईट वागत नव्हतो. दोन पदरी रस्ता, पुढे मालाने लादलेला ट्रक, समोर वळण. मागच्याने हॉर्न द्यायचा. ट्रकवाल्याने समोरचा अंदाज घ्यायचा आणि रस्ता मोकळा असेल तर उजवा हात खिडकीबाहेर काढून मागून पुढे हलवायचा : जा. कधी डावीकडून क्लीनर अर्धा बाहेर लटकून हाताने थोपवायचा : थांब, समोरून गाडी आहे. एका अनोळखी माणसाच्या नजरेवर भरवसा ठेवून दुसरा आपलं कुटुंब रस्त्याच्या उलट्या बाजूला घालायचा. याहून मोठा विश्वास माणूस अनोळख्यावर कुठे टाकतो, मला माहीत नाही. पुढे गेल्यावर एक छोटा हॉर्न, तो आभाराचा.

ही नुसती रीत नव्हती. १९८९च्या रस्ते-नियमांत ही खूण शब्दांत लिहिलेली होती : मागच्याने आपल्याला ओलांडावं अशी इच्छा असेल, तर चालकाने उजवा हात बाहेर आडवा काढून अर्धवर्तुळात मागेपुढे हलवावा. कोणी ओलांडत असताना आपला वेग वाढवायचा नाही, हेही त्यात होतं. घाटासाठी आणखी एक कलम : रस्ता अरुंद असेल तर उतरणाऱ्याने बाजूला थांबून चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. कारण सरळ आहे. चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा हलवणं जिकिरीचं. उतरणाऱ्याला फक्त ब्रेक लावायचा असतो. ज्याचं ओझं जास्त त्याला आधी वाट, असा न्याय कायद्यात क्वचितच इतक्या सरळपणे येतो. भोरहून महाडला उतरणाऱ्या वरंधा घाटात, आंबेनळीत आजही तो बऱ्यापैकी पाळला जातो, आणि पाळणाऱ्यांपैकी कितीजणांनी ते कलम वाचलं असेल याची मला शंका आहे.

मग २००२ साली साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा सहापदरी काँक्रीटचा द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, आणि हे हातखुणांचं बोलणं थांबलं. समोरून कोणी येणारच नव्हतं, तर विचारायचं कशाला? काचा वर, एसी चालू, गाणी चालू. २०१५ साली राज्य सरकारने ट्रकच्या पाठीवरचं 'हॉर्न ओके प्लीज'ही पुसायला लावलं. गोंगाटाच्या दृष्टीने योग्यच होतं ते. पण ट्रकच्या पाठीवर मागच्याला उद्देशून लिहिलेली ती एक विनंतीही होती, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. अरुंद रस्त्यावर सभ्यता हा व्यवहार होता, दोघांचीही गरज होती. रुंद रस्त्याने ती गरज काढून घेतली आणि तिच्या जागी एक पाटी लावली : लेनची शिस्त पाळा.

ट्रकवाल्यांना आपण या शिस्तीच्या नावाने सर्वांत जास्त शिव्या घालतो. खंडाळ्याच्या चढावर तीन ट्रक तिन्ही लेन अडवून गोगलगायीसारखे चालले आहेत, हे दृश्य प्रत्येकाने पाहिलेलं आहे. त्यांना उजवी लेन वर्ज्य आहे आणि ती अडवणं चूकच. पण घाटाबाहेरच्या साध्या चढावरही ओलांडण्याचं गणित पाहा. पुढचा कंटेनर ५५ने चाललाय, मागचा ट्रक ६०ने जाऊ शकतो. फरक ताशी ५ किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला जेमतेम दीड मीटर. दोघांची लांबी आणि आगेमागे सोडायचं अंतर धरून त्याला सत्तरेक मीटर जास्त कापायचेत. त्याला पन्नास सेकंद लागतात. तेवढ्यात १००ने येणारी मोटार जवळजवळ चौदाशे मीटर कापते आणि त्याच्या पाठीला येऊन भिडते. मोटारवाल्याला वाटतं, हा मुद्दाम करतोय. ट्रकवाल्याला ठाऊक असतं की कंटेनरमागे वेग सोडला, तर भरलेली गाडी खालच्या गिअरवर आणावी लागेल आणि गेलेला वेग चढावर परत मिळणार नाही. डिझेल जाईल ते वेगळंच. दोघेही आपापल्या जागी खरे आहेत. मोटारवाल्याने एक मिनिट सोसायला हरकत नाही. आणि ट्रकवाल्याने पाच किलोमीटरच्या फरकासाठी तिसरी लेन मागू नये.

तरीही, सभ्यता कोणात जास्त उरली असं कुणी विचारलं, तर मी ट्रकवाल्यांचंच नाव घेईन. रात्री ओलांडून पुढे गेलात की 'आता आत या, जागा आहे' म्हणून मागून दिव्याची एक उघडझाप होते, ती बहुतेक वेळा ट्रकचीच असते. शनिवारी सकाळी लोणावळ्याला निघालेल्या मोटारीने असं केलेलं मला आठवत नाही.

याचं कारण स्वभावात शोधू नये. एक उदाहरण शेतीचं घ्या : धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी फड पद्धतीने शेती होत आली. बंधाऱ्यातून पाट, पाटावर फड, आणि पाणी सोडायला पाटकरी. आपली पाळी झाली की पाणी पुढच्या शेताला गेलंच पाहिजे. वरच्या शेतकऱ्याला पाणी अडवून धरणं अवघड नव्हतं. पण खालचा शेतकरी कोण आहे हे त्याला ठाऊक होतं. उद्या बांधावर गाठ होती, परवा त्याच्याच घरी लग्न होतं. उजवी लेन हे असंच पाळीचं पाणी आहे. फरक इतकाच, की द्रुतगती मार्गावर खालचा शेतकरी आरशातला एक दिवा असतो आणि उर्से नाक्यानंतर तो जन्मात दिसणार नसतो. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी १९८४ सालच्या आपल्या पुस्तकात दाखवून दिलं, की पुन्हा गाठ पडण्याची शक्यता असली की स्वार्थी माणसंही एकमेकांना सांभाळून घेऊ लागतात. ट्रकवाले त्याच रस्त्यावर, त्याच ढाब्यांवर पुन्हा भेटतात. पांझरेकाठी माणूस भेटतो, इथे धंदा भेटतो. शनिवारच्या पर्यटकाला यातलं काहीच भेटत नाही.

वाट द्यायला आपल्याला येत नाही असंही नाही. मंत्र्यांचा ताफा आला की उजवी लेन क्षणात मोकळी होते. लाल दिवे १ मे २०१७पासून गेले, पण काळ्या काचा आणि सायरन पुरेसे आहेत. रुग्णवाहिकेला वाट न दिल्यास २०१९च्या दुरुस्तीने दहा हजारांचा दंड ठेवला आहे. सत्तेला भिऊन दिलेली वाट, दंडाला भिऊन दिलेली वाट, हे सगळं जमतं. अडतं ते मागे साधी वॅगन आर असते तेव्हा. केंद्र सरकारच्या रस्ते अपघातांच्या वार्षिक अहवालात नियमभंगाचे रकाने आहेत : अतिवेग, मद्यपान, उलट्या बाजूने चालवणं, सिग्नल तोडणं, मोबाइल. उरलेलं सगळं 'इतर'. २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली. कुणीतरी वाट अडवून धरली आणि कुणीतरी चिडून डावीकडून घुसलं, असे त्यातले किती, याला वेगळा रकाना नाही.

आता मागून येणाऱ्याविषयीही थोडं, नाहीतर गृहस्थ म्हणतील लेखक त्यालाच सामील आहे. पाच मीटरवर येऊन, अप्पर लावून, हॉर्नवर हात ठेवून वाट मागणं याला मागणं म्हणत नाहीत. चाकणच्या कारखान्यांतून जर्मनीला जाऊन आलेले इंजिनिअर तिथल्या रस्त्यांची तोंडभरून स्तुती करतात. त्यांनी हेही सांगावं, की तिथे गावाबाहेर दिव्याची एक उघडझाप करून 'मी ओलांडतोय' हे कळवायला कायद्याने मुभा आहे. पण पाठीला चिकटून दिवे मारत राहिलात, तर तो जबरदस्तीचा गुन्हा ठरू शकतो. अंतराचा तिथला ढोबळ हिशेब : काट्यावर जेवढा आकडा, त्याच्या निम्मे मीटर. १००ला ५०. आपल्याकडे ५० मीटर सोडले, की त्यात दोन गाड्या येऊन बसतात, हेही खरंच.

जर्मन माणूस जन्मतः सुशील असतो असं मानायचं कारण नाही. तिथे मोटारीचा परवाना हवा असेल, तर शिक्षकाबरोबर गावाबाहेरच्या रस्त्यांवर पंचेचाळीस मिनिटांच्या पाच, ऑटोबानवर चार आणि अंधारात तीन फेऱ्या कराव्याच लागतात. आपल्याकडे मुलगा बहुधा ट्रॅकवर आठचा आकडा काढतो, रिव्हर्स घेतो आणि दुसऱ्या गिअरमध्ये पास होतो. ८०च्या वेगात आरशात बघून लेन बदलायची पहिली वेळ येते ती परवाना खिशात आल्यावर, आणि शेजारी शिकवायला असतात ते दुभाजक धरून चालवणारे वडील. नागपूरपासून ठाण्याजवळच्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५च्या जूनमध्ये पूर्ण झाला. मोटारींना तिथे १२०ची मुभा आहे. मैलभर पुढे-मागे कोणी नसतानाही तिथे उजव्या लेनमध्ये चाललेल्या गाड्या दिसतात. मोटार ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशीही क्लच-ब्रेक असतात. ती गाडी परीक्षेआधी चार वेळा अशा रस्त्यावर नेण्याची सक्ती सरकारने करावी. टोल विद्यार्थ्याकडून घ्यावा. एवीतेवी तो क्लासच्या फीमध्ये बरंच काही भरतोच.