पांडववाडीचे दिवस

गेल्या मंगळवारी संध्याकाळी वाईच्या गणपती घाटावर ओळखीतला एक मुलगा भेटला. एका कार्यालयात कनिष्ठ अभियंता आहे, नोकरीला लागून चार वर्षं झाली. एरवी हसतमुख, पण त्या दिवशी पायरीवर गप्प बसून होता. बऱ्याच वेळाने म्हणाला, "काका, रस्त्याचं एक काम आहे. एमबीत, म्हणजे मोजमापाच्या वहीत, डांबराचा थर पन्नास मिलिमीटर दाखवायचा म्हणतात. मी स्वतः खोदून मोजला, तीससुद्धा भरत नाही. सही केली नाही तर माझं काही खरं नाही. राजीनामाच देतो आणि मोकळा होतो."

त्याचा संताप खरा होता. अशा संतापावरच कुठलाही कारभार तगून असतो, म्हणून मी त्याला शांत हो म्हटलं नाही. पण 'मोकळा होतो' हे शब्द माझ्या मनात अडकून राहिले. अन्यायाच्या जागेवरून उठून गेलं की माणूस मोकळा होतो का? वाईकराला हा प्रश्न पडला तर उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. आम्ही बसलो होतो तिथलं ढोल्या गणपतीचं देऊळ रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलं. ते अकरा वर्षांचं असताना पुण्याहून एक न्यायाधीश पदावर पाणी सोडून या मुलखात राहायला आला.

रामशास्त्री प्रभुणे मूळचे साताऱ्याजवळच्या माहुलीचे. काशीला जाऊन शास्त्र शिकले आणि १७५९ मध्ये पेशव्यांचे न्यायाधीश झाले. घरात एका दिवसाला पुरेल त्याहून जास्त शिधा ठेवायचा नाही, असा त्यांचा नेम होता, असं सांगतात. थोरले माधवराव जपजाप्यात गुंतून कारभाराकडे दुर्लक्ष करू लागले, तेव्हा त्यांनी धन्याला सरळ सांगितलं की ब्राह्मणाचं कर्म करायचं असेल तर गादी सोडून काशीला चला, नाहीतर प्रजेकडे बघा. माधवरावांनी ते ऐकलं. बोलणारा आणि ऐकणारा दोघेही मोठे होते, म्हणून ती गोष्ट गोड झाली.

पुढची गोष्ट गोड नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणपतीच्या दिवसांत, शनिवारवाड्यात गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांना ठार मारलं आणि काका रघुनाथराव गादीवर आले. रामशास्त्र्यांनी त्यांना तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं. 'ध'चा 'मा' आपण चवीने सांगतो, नाटकांत पाहतो. पण खून आणि प्रायश्चित्ताचं ते वाक्य यांच्या मधे काही आठवडे गेले, ते मात्र आपल्या लक्षात राहत नाहीत. साताऱ्यात रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफने आपल्या इतिहासात नोंदवलं आहे की शास्त्रीबुवांनी सुमारे सहा आठवडे या खुनाचा माग काढला, पुरावा हाती घेतला आणि मगच ते रघुनाथरावांसमोर उभे राहिले. आरोपी खुद्द धनी होता, सारं पुणं आपापसांत कुजबुजत होतं, तरी न्यायाधीशाने कुजबुजीवर निकाल दिला नाही. त्यांचं धैर्य या सहा आठवड्यांत आहे. त्या एका वाक्यामागे जे वजन आहे, तेही तिथूनच आलेलं आहे.

आणि ते वाक्य तरी काय होतं? रामशास्त्री बंडखोर नव्हते. जुन्या धर्मशास्त्राच्या चौकटीत वाढलेला, त्या चौकटीवर श्रद्धा असलेला तो माणूस होता. त्यांनी नवं काहीच सांगितलं नाही. खुनाला प्रायश्चित्त आहे, हे पोथीत होतंच. ते धन्यालाही लागू आहे, एवढंच त्यांनी म्हटलं. परंपरेचं नाव घेणारे पुष्कळ असतात. परंपरा जेव्हा आपल्या अन्नदात्याच्या विरुद्ध बोलते तेव्हाही तिच्या बाजूला उभा राहतो, तो खरा परंपरानिष्ठ. बाकीचे सोयीनिष्ठ.

तुमचा अंमल आहे तोवर पुण्यात पाऊल ठेवणार नाही, असं सांगून शास्त्रीबुवा निघाले आणि वाईजवळच्या पांडववाडीत येऊन राहिले. गोष्ट इथेच संपली असती तर मी त्या मुलाला म्हटलं असतं, दे राजीनामा. पण ती इथे संपत नाही. पुढच्याच वर्षी रघुनाथरावांविरुद्ध उभ्या राहिलेल्या बारभाईंचा कारभार आला, एप्रिल १७७४ मध्ये सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि शास्त्रीबुवांना परत बोलावणं गेलं. ते गेले. त्याच आसनावर बसले आणि १७८९ मध्ये मृत्यू येईपर्यंत न्याय देत राहिले. रुसून बसले नाहीत. 'आता माझी किंमत कळली का?' असं म्हणत पांडववाडीला चिकटून राहिले नाहीत. त्यांनी सोडला होता तो एका खुनी माणसाचा अंमल. न्यायाचं काम त्यांनी सोडलेलं नव्हतं.

असाच एक माणूस रामशास्त्र्यांच्या सातशे वर्षं आधी चीनमध्ये होऊन गेला. सिमा ग्वांग त्याचं नाव. सुंग घराण्याच्या दरबारातला विद्वान अधिकारी, जुन्या रीतीचा कट्टर अभिमानी. वांग आन्शी हा तितकाच हुशार, तितकाच स्वच्छ हाताचा मंत्री नवे कायदे आणत होता. शेतकरी सावकाराच्या तावडीतून सुटावा म्हणून सरकारनेच पेरणीच्या वेळी कर्ज द्यायचं आणि सुगीनंतर व्याजासह वसूल करायचं, ही त्यातली एक योजना. सिमा ग्वांगचा आक्षेप असा की अधिकारी आकडा गाठण्यासाठी नको असलेल्यांच्याही गळ्यात कर्ज मारतील आणि मग सरकारच सावकार होऊन बसेल. पीककर्जाच्या वसुलीची आणि उद्दिष्टांच्या तक्त्यांची सवय असलेल्या आपल्या जिल्ह्याला हा वाद परका वाटणार नाही. बादशहा वांगच्या बाजूचा होता. सिमा ग्वांगला त्याने १०७० मध्ये मोठं पद देऊ केलं. माझा सल्ला मान्य नाही तर मानही नको, म्हणून त्याने ते नाकारलं आणि राजधानी सोडून तो लुओयांगला जाऊन राहिला. तिथे पंधरा वर्षं गेली.

त्या पंधरा वर्षांत त्याने एक इतिहास पुरा केला. २९४ खंड, १३६२ वर्षांचा वृत्तांत. गोल ओंडक्याची उशी करून तो झोपे. कूस बदलली की ती घरंगळे, जाग येई आणि तो पुन्हा लिहायला बसे, अशी त्याची आख्यायिका आहे. मला मात्र मोठी वाटते ती त्या ग्रंथाला जोडलेली ३० खंडांची पुरवणी. एका घटनेच्या दोन-तीन हकिगती सापडल्या तर त्यांतली कोणती घेतली, कोणती सोडली आणि का, याचा हिशेब त्याने तिथे लिहून ठेवला. ज्याचं धोरण त्याला पटत नव्हतं, त्याच बादशहाने या कामाला आपली ग्रंथसंपदा खुली केली आणि ग्रंथाला नाव दिलं, त्याचा अर्थ होतो कारभाराला साह्य करणारा आरसा. राग धरून बसलेल्या माणसाच्या हातून असा आरसा घडत नाही. वाईत विश्वकोशाच्या नोंदी तपासत ज्यांची हयात गेली, त्यांना या मेहनतीचं मोल वेगळं सांगायला नको.

पण परतीच्या परीक्षेत सिमा ग्वांग कमी पडला. १०८५ मध्ये तो बादशहा वारला, बाल बादशहाच्या नावाने आजी कारभार पाहू लागली आणि सिमा ग्वांगला बोलावणं आलं. वर्षभरात त्याने वांगचे कायदे एकामागून एक रद्द केले. वेठीच्या सेवेऐवजी पैसे भरून सुटका देणारा कायदा लोकांना सोयीचा आहे, तो तरी ठेवा, असं त्याच्याच बाजूचा कवी सु शी कळवळून सांगत होता. त्याने ऐकलं नाही. वांग वारला तेव्हा त्याचा यथोचित मान राखा, असं सिमा ग्वांगनेच आजारी असताना लिहून कळवलं, इतकं मन त्याचं मोठं होतं. तरी वांगच्या कायद्यांत काही चांगलं असू शकतं, हे त्याने मानलं नाही. त्याच वर्षी, १०८६ मध्ये, तोही गेला. काही वर्षांनी दुसरा पक्ष सत्तेवर आला आणि सिमा ग्वांगच्या गटातल्या ३०९ जणांची नावं दगडावर कोरून त्यांना राज्याचे द्रोही ठरवलं. जुन्या हकिगतींतला खरेखोटेपणा तीस खंड भरून पारखणाऱ्या माणसाने आपल्या विरोधकाच्या कायद्याला मात्र तसा न्याय दिला नाही. त्याचा दोष काढायला मी कोण? पण आपल्यातल्या प्रत्येक तत्त्वनिष्ठाने हा प्रसंग जवळ बाळगावा.

म्हणजे परीक्षा एक नाही, तीन आहेत. उठताना पुरावा हातात आहे का? बाहेर असताना काम चालू आहे का? आणि परत बोलावलं तर न्यायासाठी जाणार की हिशेब चुकते करायला? पहिलीत टाळ्या पडतात. दुसरीत कोणी बघत नाही. तिसरीत आपलीच माणसं आपल्याला चुकीचं वागायला लावतात, म्हणून ती सगळ्यात अवघड.

दिवेलागण झाली होती. मी त्या मुलाला विचारलं, "थर कुठे कुठे खोदलास?"

"पाच ठिकाणी."

"लिहून ठेवलंस?"

तो गप्प झाला. मोबाइलमध्ये दोन फोटो होते, बाकी सगळं डोक्यात.

"मग उद्या परत जा," मी म्हटलं. "पाचही ठिकाणी टेप लाव. तारीख, जागा, भरलेली जाडी, सगळं लिही. एमबीत तीस भरले तर तीसच लिही आणि खाली सही कर. नको ती सही करू नकोस, पण हवी ती सही केल्याशिवाय उठूही नकोस. त्यानंतर जायची वेळ आली तर ताठ मानेने जा. आणि पुढे चांगल्या माणसाने बोलावलं तर मान आड येऊ देऊ नकोस."

देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे. पुराचं पाणी तिच्यावर येऊन दुभंगावं आणि देऊळ जागेवर राहावं, म्हणून ती तशी बांधली आहे. जाताना त्याने तिकडे एकदा पाहिलं.

वाचकहो, तुमच्याही टेबलावर कधीतरी असा कागद येईल. त्या दिवशी संताप जरूर येऊ द्या, पण आधी मोजा, लिहा आणि मग बोला.