डोहाची खूण

विद्या दिल्याने वाढते, हे वचन आपल्या मनावर इतके बिंबलेले आहे की त्याला अपवाद असू शकेल अशी शंकाही सहसा कोणाला येत नाही. गणिताचा शिक्षक शंभर विद्यार्थ्यांना त्रैराशिक शिकवतो, म्हणून त्याच्याजवळचे त्रैराशिक कमी होत नाही. परंतु नदीच्या कोणत्या वळणावर, कोणत्या कातळाच्या आडोशाला आणि कोणत्या प्रहरी मोठा मासा येतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याने ते शंभर जणांना सांगितले तर काय होईल? सांगणाऱ्याची माहिती शाबूत राहील. मासा मात्र राहणार नाही. ज्ञान वाढले आणि ज्ञेय संपले, असा हा विचित्र व्यवहार आहे. अशा ठिकाणी ज्ञानदान हे पुण्य मानावे काय, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही.

आमच्या जसोंडीकडून बुऱ्हाणपुरास गेले की तापी भेटते. मुलताईस उगम पावून सुमारे 724 किलोमीटर वाहणारी ही नदी पुढे हतनूरच्या धरणात विसावते आणि अखेर सुरतेजवळ समुद्रास मिळते. बुऱ्हाणपूरच्या घाटांवर सायंकाळी गळ टाकून बसणारी मंडळी पोटासाठी मासे धरणारी नसतात. पॉवरलूमची पाळी संपवून आलेला कामगार, एखादा निवृत्त शिक्षक, दुकान मुलाच्या हाती सोपवून आलेला व्यापारी अशी ही जमात असते. मुंबईच्या धक्क्यांवर आणि बंधाऱ्यांवर, किंवा कोकणच्या जेटींवर ‘गरवायला’ बसणारेही याच कुळातले. या सर्वांची एक समान भाषा आहे. नवख्याने विचारावे, “काही लागतंय का?” आणि जुन्याने पाण्यावरची नजर न काढता म्हणावे, “बसलोय आपला.” पिशवीत दोन किलोंची मरळ असली तरी उत्तर हेच! या उत्तराला खोटे म्हणावे की शिष्टाचार, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

तथापि हीच माणसे इतर बाबतींत कमालीची उदार असतात, हेही नमूद केले पाहिजे. कणकेच्या गोळीत हिंग किती घालावा, गांडूळ गळाला कसे ओवावे, पाणी गढूळले असता शिसे किती बांधावे, हे सारे न विचारताही सांगतील. इतकेच नव्हे, तर आपल्या डबीतला गळ काढून देतील. सन 1653 मध्ये आयझॅक वॉल्टनने गळाच्या छंदावर जो सुप्रसिद्ध इंग्रजी ग्रंथ लिहिला, तोही जाणत्याने नेणत्याला वाटेने चालता चालता सर्व काही शिकवावे अशाच संवादाच्या रूपात आहे. कौशल्य वाटण्यात या जमातीला संकोच नाही. तिचा संकोच सुरू होतो तो ठिकाणापाशी.

समुद्राकाठच्या लोकांजवळ असलेला एक ठोकताळा मला या संदर्भात फार बोलका वाटतो. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या किनाऱ्यावरील भरतीची वेळ निघते. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता, द्वादशीस नऊ वाजता पूर्ण भरती. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. घड्याळाच्या काट्याने पाहिले तर थोडा फरक राहतो, पण धक्क्यावर गळ टाकून बसणाऱ्यास तेवढे पुरते. हा हिशेब कोणाच्या मालकीचा आहे? कोळ्यांच्या कित्येक पिढ्यांनी चंद्र आणि पाणी यांच्याकडे पाहत तो बसवला असणार. पण तो सांगितल्याने भरतीचे पाणी एका बोटानेही उतरत नाही. असे ज्ञान अडवून ठेवणे हा निव्वळ कद्रूपणा होय.

धोक्याची माहिती तर याहून निराळी. पायऱ्यांच्या खाली कातळ शेवाळलेला आहे, अमुक जागी भोवरा आहे, वर पाऊस झाला की तापीला पाणी घटकाभरात चढते, उधाणाच्या दिवशी धक्क्याच्या टोकाशी बसू नये, हे ज्याला ठाऊक आहे आणि जो समोरच्या अनोळखी माणसाला ते सांगत नाही, त्याच्या मौनाला मी शिष्टाचार म्हणणार नाही. तेथे स्पर्धा, मैत्री, ओळख काहीही पाहू नये. मला आनंदाने सांगावेसे वाटते की आमच्या घाटावर हा नियम कोणी न शिकवता पाळला जातो. “बसलोय आपला” म्हणणारा तोच गृहस्थ, परका पोरगा खालच्या पायरीवर उतरला की ओरडून त्याला वर बोलावतो.

मग राहतो तो डोह. राज्य शासनाच्या सेवेत असताना एका नदीकाठच्या तहसिलीत माझी काही वर्षे गेली. तेथे एक वयोवृद्ध भोई होते. महासीर कोणत्या महिन्यात कोठून कोठे सरकतो, पाण्याचा रंग कसा असता तो खातो, हे त्यांच्याइतके जाणणारा माणूस मी पाहिलेला नाही. मी विचारीत गेलो आणि ते सांगत गेले. एका डोहाचा विषय निघाला तेव्हा मात्र ते थांबले. “बाबा, तिथे काय आहे?” असे मी विचारले. ते म्हणाले, “साहेब, तेवढं विचारू नका. तिथं माद्या असतात. तुम्हांला सांगितलं तर तुम्ही एकटे येणार नाही.” हुद्द्याचा त्यांच्यावर काडीचाही परिणाम झाला नाही.

त्या नकाराचा मी पुष्कळ विचार केला आहे. वरवर पाहता तो स्वार्थ वाटेल: डोह सर्वांचा, नदी सर्वांची, मग एकट्याने खूण का दडवावी? पण या नकारात स्वार्थ कोठे होता? विणीच्या काळात त्या डोहात ते स्वतःही जाळे टाकीत नसत. त्यांनी जी खूण राखून ठेवली होती ती मालमत्ता म्हणून नव्हे, तर ठेव म्हणून; आणि ठेव ज्याची असते त्याला विचारल्याशिवाय ती दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. येथे ठेवीचा धनी कोण, तर काही अंशी नदी, आणि काही अंशी त्यांच्यामागून तेथे जाळे घेऊन येणारी त्यांचीच नातवंडे.

परंतु एवढ्यावर थांबून ‘गुपित राखणे हाच धर्म’ असा निष्कर्ष काढणे मला मान्य नाही. गुपिताने मासा वाचतो, ही समजूतच तपासून पाहण्यासारखी आहे. महाड तालुक्यातील वाळणकोंडाचे उदाहरण घ्या. सावित्री नदीच्या खोऱ्यातील या कोंडात महासीर आहेत हे सर्व पंचक्रोशीला ठाऊक आहे. लोक मुद्दाम जाऊन त्यांना खाऊ घालतात. मासे कोठे आहेत हे अगदी उघड आहे, आणि तरी मासे आहेत, कारण ते वरदायिनी देवीचे मानले जातात. त्या जागेची माहिती ज्याला मिळते, त्याला त्याच श्वासात तिची अटही मिळते. पाहा, खाऊ घाला, धरू नका. माहिती आणि मर्यादा यांची तेथे फारकतच झालेली नाही.

देवाचा धाक नसेल तेथे काय करावे, असे कोणी विचारील. त्याचेही एक उत्तर तुर्कस्तानात सापडते. सन 1968 मध्ये गॅरेट हार्डिन यांनी असे मांडले होते की जे सर्वांचे असते ते प्रत्येकाच्या हावेपायी अटळपणे नष्ट होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषींनी 1990 च्या आपल्या ग्रंथात अनेक ठिकाणचे दाखले देऊन तो अटळपणा नाकारला. पुढे 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या दाखल्यांपैकी एक अलान्या या बंदराचा आहे. तेथील मच्छीमारांत चांगल्या जागांवरून हाणामाऱ्या होत असत. शेवटी त्यांनी साऱ्या जागांची नावे एका यादीत लिहून काढली, दर सप्टेंबरात चिठ्ठ्या टाकून जागा वाटून घेतल्या, आणि जानेवारीपर्यंत प्रत्येकाने रोज एक जागा पूर्वेकडे सरकायचे, त्यानंतर पश्चिमेकडे, असे ठरवले. यादीची प्रत नगराध्यक्षांकडे ठेवलेली. आयुष्यभर नस्त्या हाताळलेल्या माणसाला अशा यादीचे कौतुक वाटले तर वाचकांनी हसू नये. जी गुपिते एकेकाच्या पोटात होती ती कागदावर आली, आणि हाणामारी थांबली. मात्र लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की यादीबरोबर पाळी आली. नुसती यादी चावडीवर लावली असती, तर काय झाले असते याची कल्पना करणे कठीण नाही.

गुपिताच्या विरुद्ध सर्वांत मोठा पुरावा मात्र आपल्याच देशातला, कावेरीचा आहे. कावेरीच्या खोऱ्यात पाठीवर उंच वशिंड असलेला एक प्रचंड महासीर होता. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांनी 1873 साली हिंदुस्थानातील गळाच्या शिकारीवर ग्रंथ लिहिला, तेव्हापासून दक्षिणेतल्या महासीराची कीर्ती गळवाल्यांत पसरली. 1946 साली कबिनी नदीत 120 पौंडांचा मासा लागल्याची नोंद आजही सांगितली जाते. कर्नाटकात गालीबोरे येथील तळावर गळ टाकणारे हौशी लोक मासा धरून पुन्हा पाण्यात सोडत, आणि प्रत्येक माशाची नोंद वहीत करत. सन 1998 ते 2012 या काळातील सहा हजारांहून अधिक माशांच्या या नोंदी त्यांनी अभ्यासकांच्या हवाली केल्या. त्यांतून दिसले ते धक्कादायक होते. गळाला लागणाऱ्या माशांची संख्या वाढत होती, म्हणून सारे आलबेल वाटत होते. पण वाढत होता तो बाहेरून आणून सोडलेला निळ्या परांचा महासीर, आणि मूळचा वशिंडवाला जवळजवळ नाहीसा झाला होता. या माशाला शास्त्रीय नावसुद्धा निश्चित नव्हते. ते 2018 मध्ये ‘टॉर रेमादेवी’ असे निश्चित झाले, आणि त्याच वर्षी त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली. त्या हौशी लोकांनी वह्या पेटीत कुलूपबंद ठेवल्या असत्या, तर दीडशे वर्षे गाजलेला हा मासा निनावीच गेला असता.

या कथेचा दुसरा भाग मराठी वाचकाला अधिक जवळचा आहे. निळ्या परांच्या महासीराची पैदास लोणावळ्यास होत असे. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. चं. वि. कुलकर्णी यांच्या संशोधनातून महासीराच्या कृत्रिम प्रजननाची विद्या तेथे सिद्ध झाली, आणि ती खरोखर अभिमानाची गोष्ट होती. तेथील मत्स्यबीज उदारपणे निरनिराळ्या राज्यांना देण्यात आले. देणाऱ्यांचा हेतू निर्मळ होता, विद्याही खरी होती. केवळ ज्या नदीत ते बीज पडणार होते, तिच्या डोहांत आधी कोण राहते हे त्या विद्येला ठाऊक नव्हते. ते तेथल्या नावाड्यांना आणि वाटाड्यांना ठाऊक असावे. पण विचारण्याची रीत नव्हती. दानात दात्याची उदारता पाहण्याची आपल्याला सवय आहे, ज्या जागी दान पडते तिचे काय होते हे पाहण्याची नाही.

आता पुन्हा तापीकडे वळतो. मध्यप्रदेशात 1972 च्या नदीय मत्स्योद्योग नियमांनुसार दरवर्षी 16 जून ते 15 ऑगस्ट हा विणीचा काळ म्हणून नद्यांत मासेमारी बंद असते. आषाढ शुद्ध सप्तमीची तापी जयंती याच काळात येते. नदीची आरती आणि नदीची विश्रांती यांचा असा योग जुळलेला आहे. महासीर हा 2011 पासून राज्याचा मत्स्यही आहे. नियम चांगला आहे, पण नियमाला डोह दिसत नाहीत. ते दिसतात त्यांना, जे तेथे बसतात. आणि त्यांच्यापैकीच एखादा उत्साही तरुण मोठा मासा हातात धरून भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढतो, मागे ओळखीचा कातळ आणि देवळाचा कळस स्पष्ट दिसतो, आणि रात्र उलटण्यापूर्वी ती खूण शेकडो अनोळखी हातांत पोहोचते. त्याने काही सांगितलेलेच नसते, असे तो म्हणेल. तोंडाने सांगणाऱ्याला समोरचा माणूस दिसतो; हा एकटा आहे की टोळीचा, छंदी आहे की पाण्यात विष किंवा सुरुंग टाकणारा, हे जोखता येते, आणि सांगता सांगता अटही घालता येते. छायाचित्राला हे काहीच करता येत नाही. त्या वृद्ध भोयांनी मला जोखले आणि नाकारले. त्यांचा निर्णय चुकीचा असेलही, पण तो निर्णय होता.

गळवाल्यांच्या चर्चेत सहसा न येणारी एक बाजू उरते, ती देण्याची नव्हे, घेण्याची आहे. आपण हौशी माणसे ज्या युक्त्या एकमेकांना मोठ्या दिलदारपणाने वाटतो, त्यांतल्या बहुतेक भोई, ढीमर, कहार, कोळी यांच्याकडून ऐकलेल्या असतात, एखाद्या विडीच्या किंवा चहाच्या मोबदल्यात. आपली सायंकाळ त्यांच्या पोटाच्या जागेवर जाते. त्यांची खूण तिसऱ्याला सांगताना आपण त्यांना विचारतो काय? घाटावरच्या एका स्नेह्यांपुढे मी हा प्रश्न मांडला, तेव्हा ते म्हणाले, “नदीत कोणाचं नाव लिहिलंय?” मी म्हटले, नाव लिहिलेले नाही हे खरे, पण ती जागा तुम्हांला दाखवली कोणी हे तर तुम्हांला आठवते ना? ते काही वेळ गप्प राहिले. मग त्यांनी दोरा गुंडाळला, आणि वरच्या अंगाला जाळी वाळत घालणाऱ्या एका म्हाताऱ्याकडे बोट दाखवून म्हणाले, त्यांनी. तीस वर्षे झाली.