वेताळाची अट
वेताळाने विक्रमाला घातलेली अट अशी: उत्तर ठाऊक असूनही गप्प राहिलास, तर डोक्याची शकले होतील. समजा, त्याच विक्रमाच्या उज्जैनीत कुणाला आपली जुनी स्टाइनबर्गर बास गिटार विकायची आहे. १९८०च्या सुमारास निघालेली ही घडण ग्रॅफाइटची, आणि शब्दशः बिनडोक्याची. मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा तडकला तर डोळ्यांना दिसतो. इथली अडचण दिसत नाही. हिला दोन्ही टोकांना गोळी असलेल्या तारा लागतात, आणि त्या दुकानोदुकानी मिळत नाहीत. घेणारा तरुण हे विचारत नाही. सांगितले तर किंमत उतरेल. तरी सांगावे. तो विचारत नाही, कारण त्याला ठाऊक नाही. आपल्याला ठाऊक आहे, म्हणूनच वेताळाची अट आपल्याला लागू होते.